ताश्कंदची पाटी

ताश्कंद शहराच्या मध्यभागीं एक चौक आहे, २००९ सालापर्यंत तो गर्द झाडांनीं वेढलेला होता. तेथें आज तैमूरचा अश्वारूढ पुतळा उभा असून तो १९९३ सालीं बसविण्यांत आला. त्यापूर्वीं त्याच ठिकाणीं कार्ल मार्क्सचें भव्य मस्तक होतें. मार्क्सच्या आधीं स्टालिन होता. आणि त्याच्याहि आधीं, १९१३ सालीं, झारचा सुभेदार जनरल काउफमन याचें स्मारक तेथें उभारलें गेलें होतें. ऐंशी वर्षांत एका जागेनें इतके धनी पाहिले. तेथून थोड्या अंतरावर एके काळीं लेनिनचा प्रचंड पुतळा होता. देश स्वतंत्र झाल्यावर तो उतरविला, परंतु चौथरा ठेवून त्यावर पृथ्वीचा गोल बसविला. आणि त्या गोलावर रेखलेला देश एकच, उझबेकिस्तान! प्रवासी हें सारें पाहतो, छायाचित्रें घेतो, आणि साम्यवादी राजवट येथून समूळ गेली अशी नोंद आपल्या वहींत करून पुढें जातो.

ही नोंद घाईची होय. राजसत्ता मागें जें जें ठेवून जाते त्यांत पुतळा सर्वांत तकलादू. दोरखंड आणि एक यारी आणली कीं एका रात्रींत तो नाहींसा होतो. जें दोरखंडानें ओढून काढतां येत नाहीं तें पाहावयाचें असेल तर चौकांतून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्यानें चालावें आणि दुकानांवरच्या पाट्यांकडे लक्ष द्यावें. एका दुकानाची पाटी रोमन अक्षरांत असते. शेजारच्या दुकानावर तोच शब्द रशियन अक्षरांत लिहिलेला असतो. आणि गल्लीच्या टोकाला जुन्या मदरशाच्या कमानीवर, निळ्या फरशांत जडविलेली, अरबी अक्षरें दिसतात. एकाच समाजानें शंभर वर्षांच्या आंत आपल्या भाषेचा वेष तीन वेळां बदलला. हा बदल कोणी केला, कशासाठीं केला, आणि त्यांत काय मिळालें व काय गेलें, हा ताश्कंदच्या अर्वाचीन इतिहासांतला खरा प्रश्न आहे.

त्या पाट्यांवरचे शब्द मात्र मराठी माणसाला परके वाटत नाहींत. औषधाच्या दुकानावर ‘दोरिखोना’ असें लिहिलेलें असतें. दारू हा मूळ फारसी शब्द तेथें औषध याच अर्थानें राहिला. मराठींत तो अर्थ ‘दवादारू’ या जोडशब्दापुरता उरला, आणि एरवीं दारू एकीकडे बंदुकींत व दुसरीकडे पेल्यांत गेली. तेव्हां ‘दारूखान्या’ची पाटी पाहून कोणीं दचकूं नये, आंत खोकल्याच्या गोळ्या मिळतात. मराठींत दप्तर म्हणजे कागदपत्रांचा संग्रह, आणि पुढें शाळकरी मुलाची पिशवी. उझबेक भाषेंत ‘दफ्तर’ म्हणजे त्या पिशवींतली वही. बाजार, मैदान, कलम, कागद, दोस्त, खबर हे शब्द थोड्याशा उच्चारभेदानें दोन्हीकडे नांदतात. समरकंदचा कागद मध्ययुगांत दूरदूरच्या देशांत नांवाजलेला होता. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर पेशवाईचीं दप्तरें लिहिलीं गेलीं. फारसी ही दोन्ही मुलुखांत राजदरबाराची भाषा, आणि तिच्याबरोबर वस्तु व शब्द चालत आले.

तथापि या भागांत घरची बोली होती ती प्रामुख्यानें तुर्की. तिला वाङ्मयाच्या सिंहासनावर बसविलें तें मीर अलीशेर नवाई यानें. नवाईचा काळ १४४१ ते १५०१, राहणें हेरातला. तुर्की भाषा काव्याला फारसीहून उणी नाहीं, उलट कांहीं बाबतींत सरसच आहे, असा वाद त्यानें १४९९ सालीं एका स्वतंत्र ग्रंथांत मांडला. त्याच भाषेंत फरगण्याच्या अंदिजान गांवीं जन्मलेल्या बाबरानें आपलें आत्मचरित्र लिहिलें. बाबराच्या हातून आणखी एक गोष्ट झाली. तिचा उल्लेख फार क्वचित होतो. १५०४ च्या सुमारास त्यानें स्वतःची एक लिपि तयार केली. ‘बाबुरी खत’ हें तिचें नांव. बादशहानें निर्माण केलेली ही लिपि त्याच्या पश्चात् टिकली नाहीं. त्याच्या आत्मचरित्राचेंहि पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. नातू अकबर गादीवर असतां, १५८९ सालीं, तें तुर्कीतून फारसींत उतरवावें लागलें. हें काम केलें अब्दुर्रहीम खानखाना यानें. पुढें अहमदनगरच्या निजामशाहीशीं झुंजला तोच हा सरदार. आजोबांचे शब्द दरबाराला समजावेत म्हणून भाषांतरकार लागण्याचा प्रसंग एका राजघराण्यावर दोन पिढ्यांत आला होता. ताश्कंदांत तोच प्रसंग विसाव्या शतकांत घरोघरीं यावयाचा होता.

रशियन फौजांनीं ताश्कंद घेतलें १८६५ सालीं आणि समरकंद १८६८ सालीं. झारच्या अंमलांत लिपीला कोणी हात लावला नाहीं, पण ती वाचणारेहि शंभरांत फार थोडे. गांवच्या मक्तबांत मुलें पवित्र ग्रंथांतले उतारे घोकीत. अक्षर ओळखून नवा मजकूर स्वतः वाचतां येईल असें शिक्षण त्यांतल्या बहुतेकांच्या वांट्याला येत नसे. या स्थितीविरुद्ध पहिला आवाज उठला तो बाहेरच्यांचा नव्हे, घरच्यांचाच. ‘जदीद’, म्हणजे नव्या मताचे, या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सुधारकांनीं नव्या पद्धतीच्या शाळा काढल्या, वर्तमानपत्रें काढलीं, नाटकें लिहिलीं. समरकंदच्या महमूद खोजा बेहबूदी यानें ‘पदरकुश’, म्हणजे पितृघातक, हें नाटक १९११ सालीं लिहिलें. मुलाला शिकविलें नाहीं म्हणजे घराचा घात कसा होतो, हा त्याचा विषय. बुखाऱ्याच्या अब्दुर्रऊफ फित्रत यानें नव्या शाळांची तरफदारी करणारा एक संवाद लिहिला आणि तो घडतो हिंदुस्थानांत: बुखाऱ्याचा एक मुदर्रिस आणि एक युरोपियन गृहस्थ यांची तेथें गांठ पडून वाद होतो. पुढें याच फित्रतनें ‘हिंदी बंडखोर’ अशा अर्थाचें नाटक लिहिलें, तें १९२३ सालीं बर्लिनमध्यें छापलें गेलें. त्यांतले नायक इंग्रजांविरुद्ध उठलेले हिंदी तरुण. पण प्रेक्षकानें इंग्रज म्हणजे कोण हें आपल्या मनाशीं ओळखावयाचें होतें. हिंदुस्थानच्या दुःखांत आपलें दुःख सांगण्याची ही युक्ति राज्यकर्त्यांच्या लक्षांत आली नसेल असें मानणें कठीण आहे.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९२० मध्यें, मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ताश्कंद येथें हिंदी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली. हिंदी मुहाजिरांना लष्करी शिक्षण देणारी शाळाहि तेथें चालली. दोन्ही प्रयत्न त्या ठिकाणीं अल्पजीवी ठरले. परंतु फित्रतचें नाटक आणि रॉय यांची शाळा एकाच काळांतलीं आहेत हें विसरूं नये. क्रांति म्हणजे परकीय सत्तेचा अंत, अशी आशा त्या काळीं दोघांनाहि होती.

लिपीच्या सुधारणेला आरंभ झाला तोहि या आशेच्या दिवसांत. अरबी लिपींत स्वर पुरते दाखवितां येत नाहींत, आणि तुर्की भाषेचा तर सारा प्राण स्वरांत. म्हणून फित्रत आदि मंडळींनीं अरबी अक्षरांनाच स्वरचिन्हें जोडून ती लिपि सोपी करण्याचा खटाटोप केला, आणि १९२० नंतरच्या थोड्या वर्षांत तो बराचसा साधलाहि. पण १९२६ सालीं बाकू येथें तुर्की भाषांची परिषद भरली आणि तींत रोमन लिपीचा पक्ष प्रबळ ठरला. १९२९ सालापासून उझबेक भाषा अधिकृत रीत्या रोमन अक्षरांत लिहिली जाऊं लागली. या निर्णयामागें दोन हेतु होते, आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला हेतु साक्षरतेचा. गांवोगांव निरक्षरतानिवारणाचे वर्ग निघाले. शेतकरी आणि विणकर पाटी घेऊन बसले. १९२७ च्या मार्चपासून बुरखा टाकण्याची मोहीम सरकारनें चालविली होती. तींत बुरखा टाकणाऱ्या कितीतरी स्त्रियांचे नातलगांनीं व शेजाऱ्यांनीं खून केले. त्यांतूनहि ज्या स्त्रिया वर्गांत येऊन बसल्या त्यांना आयुष्यांत पहिल्यानेंच स्वतःचें नांव लिहितां आलें. दुसरा हेतु जुन्या ग्रंथांपासून, मशिदीपासून, आणि सीमेपलीकडच्या मुसलमानी जगापासून नव्या पिढीला तोडण्याचा. पहिला हेतु खोटा होता असें म्हणणें अन्यायाचें; दुसरा नव्हता असें म्हणणें भाबडेपणाचें होईल.

मग पुस्तकांवर संकट आलें. अरबी अक्षरांतला ग्रंथ घरांत सांपडणें हेंच संशयाला पुरेसें झालें. तपासणी करणाऱ्यांना ती लिपि बहुधा वाचतां येत नसे, त्यामुळें कुराण, गझलांची वही आणि आजोबांचा हिशेब यांत त्यांना भेद दिसत नसे. लोकांनीं पुस्तकें भिंतींत चिणलीं, अंगणांत पुरलीं, कित्येकांनीं भीतीनें स्वतःच जाळलीं. आणि पुस्तकांच्या मागोमाग माणसांचीहि वेळ आली. फित्रत, कवि चोल्पान, आणि उझबेक भाषेंतल्या पहिल्या कादंबरीचा लेखक अब्दुल्ला कादिरी, या तिघांनाहि ४ ऑक्टोबर १९३८ रोजीं ताश्कंद येथें गोळ्या घालण्यांत आल्या. मुलांना वाचतां यावें म्हणून ज्यांनीं झारच्या काळापासून झगडा केला होता, ते शाळा घरोघर पोंचत असतांना त्या शाळांच्या सरकाराकडूनच मारले गेले.

त्याच वर्षीं मार्चमध्यें रशियन भाषा सर्व शाळांतून सक्तीची झाली होती. मग रोमन लिपींत तरी काय राम उरला? ८ मे १९४० च्या कायद्यानें तीहि गेली आणि रशियन अक्षरें आलीं. १९०० सालीं जन्मलेला एखादा शिक्षक डोळ्यांपुढें आणावा. लहानपणीं तो अरबी अक्षरें शिकला. एकोणतिसाव्या वर्षीं रोमन शिकून तीं त्यानें गांवाला शिकविलीं. चाळिसाव्या वर्षीं त्यानें तींच पाटी पुसून रशियन अक्षरें गिरविलीं. ज्या प्रौढांनीं नुकतींच कुठें अक्षरें जुळविलीं होतीं त्यांचें काय झालें असेल? अकरा वर्षांत छापलेलीं रोमन पुस्तकेंहि आतां मुलांना परकीं झालीं.

एवढ्यावर हिशेब संपत नाहीं, हीच या इतिहासांतली अडचण आहे. डिसेंबर १९४१ मध्यें लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला होता. पाव मिळत नव्हता, घरांत उष्णता नव्हती. त्या दिवसांत तेथल्या हर्मिटाज संग्रहालयांत विद्वान् मंडळी जमलीं आणि त्यांनीं नवाईचा पांचशेवा जन्मोत्सव साजरा केला. निकोलाय लेबेदेव या तरुण प्राच्यविद्येच्या अभ्यासकानें नवाईच्या काव्याचीं आपण केलेलीं रशियन भाषांतरें तेथें वाचून दाखविलीं. थोड्याच दिवसांत उपासमारीनें त्याचा अंत झाला. ज्या राज्यानें नवाईची लिपि त्याच्या वारसांच्या हातून काढून घेतली, त्याच राज्याचा एक नागरिक उपाशीपोटीं नवाईची सेवा करीत मेला. इकडे ताश्कंदनें रशियांतून आलेल्या असंख्य निराश्रितांना घर दिलें. कवयित्री आन्ना आख्मातोवा त्यांत होती. १९४३ सालीं ताश्कंदला विज्ञान अकादमी स्थापन झाली आणि हस्तलिखितें एकत्र जपणारी संस्थाहि. आज अल् बिरूनीच्या नांवानें चालणाऱ्या या प्राच्यविद्या संस्थेंत २५,००० हून अधिक हस्तलिखितांचा संग्रह आहे. घराघरांतून ग्रंथ हद्दपार झाले आणि एका इमारतींत तेच निगुतीनें सांभाळले गेले. लोकांना वाचतां येऊं नये आणि पंडितांनीं अभ्यास करावा, अशी ही व्यवस्था. पंडित चांगले होते, म्हणून ग्रंथ वांचले.

स्टालिनच्या मृत्यूनंतर वातावरण निवळलें, कादिरीची कादंबरी पुन्हां छापली गेली. चोल्पानला मात्र जवळजवळ राजवटीच्या अखेरपर्यंत थांबावें लागलें. हिंदुस्थानाशीं ताश्कंदचा संबंध नव्यानें जुळला तो याच काळांत. १९५४ सालीं राज कपूर यांचा ‘आवारा’ सोव्हिएट चित्रगृहांत आला आणि त्यानें जें केलें तें कोणत्याहि तहाला साधलें नसतें. १९५८ सालीं आशिया-आफ्रिकेंतील लेखकांची परिषद ताश्कंदला भरली. १९६८ पासून त्या खंडांच्या चित्रपटांचे महोत्सव भरूं लागले. १० जानेवारी १९६६ रोजीं भारत-पाकिस्तानचा करार तेथें झाला, आणि त्याच रात्रीं, ११ तारीख लागल्यावर, पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांचें तेथेंच निधन झालें. शास्त्रीजींच्या नांवाचा रस्ता आणि शाळा ताश्कंदमध्यें आहेत. त्या शाळेंत मुलें देवनागरी अक्षरें गिरवितात. भारतीय प्रवाशाला याचें कौतुक वाटतें आणि तें रास्तच आहे. परंतु त्याच मुलांना आपल्या पणजोबांचें पत्र वाचतां येत नाहीं, हें त्याला कोणी सांगत नाहीं. पुस्तकांची देवघेवहि अशीच दुसऱ्याच्या दारावरून होई. मॉस्कोंत छापलेलीं मराठी पुस्तकें मुंबईपुण्यांत अगदीं स्वस्त मिळत, मुलांनीं तीं आवडीनें वाचलीं. पण समरकंद-बुखाऱ्याचें जें साहित्य भारतांत पोंचलें तें बहुधा रशियनच्या मार्गानें, रशियन चाळणींतून गाळून. बाबराला खैबर घाटांतून यावयास कोणाची परवानगी लागली नव्हती!

सोव्हिएट राज्य ढांसळूं लागलें तेव्हां, २१ ऑक्टोबर १९८९ रोजीं, उझबेक ही राजभाषा ठरली. १९९१ सालीं देश स्वतंत्र झाला आणि २ सप्टेंबर १९९३ रोजीं रशियन अक्षरें सोडून पुन्हां रोमन घेण्याचा कायदा झाला. ही रोमन १९२९ ची नव्हे, निराळी, आणि १९९५ सालीं तिच्यांतहि पुन्हां फेरफार झाला. जुनी मालकी झुगारावयाची, जगाशीं व संगणकाशीं जुळवून घ्यावयाचें, हे हेतु समजण्यासारखे आहेत. परंतु पद्धत कोणती? वरून हुकूम, आणि मुदत. ती मुदत पुढें ढकलली, मग पुन्हां ढकलली. शाळेंतलीं मुलें रोमन शिकलीं. त्यांचे आईबाप रशियन अक्षरांतलीं वर्तमानपत्रें वाचीत राहिले. रस्त्यावर दोन्ही पाट्या शेजारीं शेजारीं लागल्या. १९४० नंतर अर्धशतकांत उझबेक भाषेंत जें छापलें गेलें, कादंबऱ्या, शब्दकोश, शेक्सपियरचीं भाषांतरें, वैद्यकाचे ग्रंथ, नवाईच्या आवृत्त्या, तें सारें रशियन अक्षरांत आहे. त्यांतलें थोडेंच रोमनमध्यें पुन्हां छापणें परवडतें. साम्यवादी राजवटीचा खरा वारसा म्हणावयाचा तर हा. लेनिनचा चौथरा रिकामा झाला. लिपि आज्ञेनें बदलतां येते ही समजूत मात्र नव्या राज्यानेंहि जुन्याकडूनच घेतली.

महाराष्ट्राला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडूं नये. पुण्याच्या पुराभिलेखागारांत मोडी लिपींतले कोट्यवधि कागद आहेत. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० नंतर पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तरी तो त्या डोंगराचा एक खडा. मोडी कोणीं बंदुकीनें घालविली नाहीं. छापखान्याच्या खिळ्यांना ती मानवली नाहीं, सरकारी कामांतून गेली, मग शाळेंतून गेली. तिच्यासाठीं कोणी तुरुंगांत पडला नाहीं, आणि हा भेद लहान नव्हे. पण ज्या घरांत आज जमिनीचा जुना कागद निघतो आणि तो घेऊन मोडीवाचकाचें घर शोधावें लागतें, त्या घराला ताश्कंदच्या गृहस्थाची अडचण लगेच कळेल.

ताश्कंदच्या उत्तर भागांत बोझसू कालव्याच्या कांठीं २००० सालापासून एक स्मारक आहे. दडपशाहींत बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेला निळ्या घुमटाचा मंडप, आणि जवळच एक संग्रहालय. शाळांच्या सहली तेथें येतात. फित्रत, चोल्पान आणि कादिरी यांचीं नांवें आतां त्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांत आहेत. कादिरीची कादंबरी तर उझबेक वाचकांची विशेष लाडकी आहे. ती प्रथम छापली गेली ती १९२० नंतरच्या वर्षांत, अरबी अक्षरांत. त्या पहिल्या आवृत्तीची प्रत यांतल्या एखाद्या मुलाच्या हातीं दिली, तर मुखपृष्ठावरचें लेखकाचें नांव त्याला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावें लागेल.